लंगडा हादरा

मंजिरी आणि दिग्विजय वेगळे झाले, तेव्हा त्यांनी घरातल्या सामानाची वाटणी इतकी चोख केली की दोघांच्या वकिलांनी हात जोडले. बारा वाट्या होत्या, सहा-सहा झाल्या. चार उशा, दोन-दोन. कढई त्याला गेली म्हणून झारा तिला. शेवटी गच्चीलगतच्या खोलीतलं दगडी जातं उरलं, तेव्हा एकमेकांकडे न बघता दोघंही एकदमच म्हणाली, "निम्मं निम्मं."

खुंट्यासकट वरची तळी दिग्विजयच्या गाडीत बसून घाट उतरली आणि चिपळूणला गेली. खालची तळी मंजिरीकडे राहिली. तिच्यावर तिने जास्वंदाची कुंडी ठेवली. निम्मं जातं म्हणजे नुसता धोंडा, हे त्या दिवशी दोघांनाही समजत होतं. पण आधी बोलायचं कुणी?

घराला मात्र वरची आणि खालची तळी नसते. ते विकायचंच ठरलं.

पाटण गावाच्या वरच्या अंगाला, कोयनेकडे तोंड करून बसलेलं ते दुमजली घर दोघांच्या नावावर होतं. त्याला गिऱ्हाईकही गुणी मिळालं. सरकारी दवाखान्यातल्या नर्गिस मुजावर सिस्टर. त्यांनी एकदाच घर पाहिलं, गच्चीवर उभं राहून नदी पाहिली आणि म्हणाल्या, "अम्मीची खाट इथं, या खिडकीशी." बोलणी तिथंच संपली.

मंजिरीची बोलणी दुसरीकडे चालली होती. तिची रोपवाटिका होती, पण सगळी कुंड्यांतली. सोनचाफा कुंडीत, फणसाचं रोप कुंडीत, आणि सोळा वर्षांच्या संसारानंतर आपणही कुंडीतच आहोत असं तिला वाटू लागलं होतं. हेळवाकला तिने दोन खोल्यांचं जुनं दगडी घर हेरलं होतं. पुढे अंगण, मागे पाऊण एकर उताराची लाल माती. तिथे उभी राहिली तेव्हा तिने चपला काढल्या होत्या, त्या घालायचं विसरून रस्त्यापर्यंत तशीच चालत आली होती. घरमालक सपकाळ आबा म्हणाले होते, "आखितीपर्यंत थांबतो, पोरी. पुढं मात्र दुसऱ्याला देणार. तो मुंबैवाला रोज फोन करतोय."

अक्षय्य तृतीयेला आठ दिवस राहिले होते, आणि घराची नाडी अडली.

नाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. कोयनेच्या खोऱ्यातली जमीन झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखी अधूनमधून हलते. म्हणून काही वर्षांपूर्वी नियम आला, की या पट्ट्यातल्या प्रत्येक नव्या घराच्या गिलाव्यात आणि स्लॅबमध्ये केसाएवढी बारीक काचेची तार घालायची. एका टोकाकडून त्या तारेत उजेडाचे ठोके सोडतात, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध असली तरी वाटेवरच्या कणाकणावरून थोडा थोडा उजेड माघारी येतो. भिंत जिथे थरथरते तिथे तार किंचित ताणली जाते आणि तिथून परतणारा उजेड बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते, आणि किती बदलला यावरून हादरा केवढा ते कळतं. विहिरीत हाक मारून पाणी किती खोल आहे ते ओळखावं, तसंच हे.

तारेच्या टोकाला वहीएवढी पेटी असते. ती सगळे हादरे टिपून ठेवते. ती शब्द टिपत नाही. तेवढी बारीक थरथर साठवायला कायद्यानेच बंदी होती. म्हणजे घरात कोण कुणाला काय बोललं ते भिंतीला ठाऊक नसतं. दार किती जोरात लागलं, ते मात्र ठाऊक असतं. घर विकताना सरकारी तपासनीस येऊन ही नाडी वाचतो आणि घर निरोगी असल्याचा दाखला देतो. दाखला नाही, तर खरेदीखत नाही.

तपासनीस कुंदा बाबर आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, गालात वेलदोडा धरून बोलणाऱ्या. पेटीला पडदा जोडून त्या दोन तास जिन्यात बसून राहिल्या. मग त्यांनी मंजिरीला वर, गच्चीलगतच्या खोलीत बोलावलं.

"शेडगेबाई, घर तसं धट्टंकट्टं आहे. पण या खोलीच्या स्लॅबला रोज पहाटे एक हादरा येतोय. अकरा वर्षं, ह्याच कोपऱ्यात. आणि चौदा महिन्यांमागं एकाएकी बंद झालाय. काय होतं हितं? पंप? शिलाई मशीन?"

पडद्यावर हिरवी रेघ उमटली. उंच लाट, बुटकी लाट, उंच, बुटकी. मधे एक थांबा. पुन्हा उंच, बुटकी.

ती रेघ मंजिरीने डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती, पण तिच्या दंडांना ती पाठ होती.

"जातं होतं," ती म्हणाली. "आम्ही नाचणी दळायचो."

"अशी लंगडत?"

"यांचा... म्हणजे दिग्विजयरावांचा उजवा खांदा निखळला होता. मोटरसायकलवरून पडले होते. डॉक्टरांनी गोल फिरवायचा व्यायाम सांगितला. मी मावशीचं जातं आणलं. एकाच खुंट्याला दोघांचे हात. त्यांच्याकडचा अर्धा फेरा हलका पडायचा, माझ्याकडचा जड."

बाबरबाईंनी वेलदोडा या गालातून त्या गालात नेला. "पटतंय. पण माझ्या पटण्याला कागदावर किंमत नाही. कारण न कळलेला हादरा म्हणजे स्लॅबमधली भेग असू शकते. ज्यांनी हादरा केला त्यांनीच तो करून दाखवायचा. नव्वद टक्के जुळला तर दाखला. माणूस बदलला की लय बदलते, तेव्हा शेजारीण आणून भागायचं नाही. आणि पहाटेच. उन्हानं स्लॅब तापला की त्याचा सूर बदलतो." मग पडद्याकडे पुन्हा बघत त्या पुटपुटल्या, "आणखी एक आहे. मधूनच काही दिवस हाच हादरा लंगडत नाही. छान गोल येतो. ते काय?"

"काय माहीत," मंजिरी म्हणाली. आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

दिग्विजयला फोन करायला तिला अर्धा दिवस लागला. वेगळं झाल्यापासून दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. वकिलाच्या टेबलावर सुरू झालेलं ते खूळ नंतर दोघांनाही मोडता आलं नव्हतं.

"तुम्हाला वरची तळी घेऊन यावं लागेल," ती म्हणाली.

"मॅडम, तुम्ही वाटणी फिरवताय का?"

"नाडी अडलीय. दळून दाखवायचंय. दोघांनी."

"दोघांनी," तो म्हणाला. मग घसा साफ करून, "परवा पहाटे पोहोचतो. नाचणी आहे का घरात?"

"आहे."

"चाळलेली?"

"दिग्विजयराव, मी मूर्ख नाही."

"नाही, नाही. तसं नाही," तो घाईघाईने म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर मंजिरीला जाणवलं की आपण हसतोय. तिने लगेच तोंड आवळलं.

कारण दिग्विजय वाईट माणूस नव्हता. पण सरळ बोलणं त्याला जमायचं नाही. कुणी दुखावेल म्हणून तो गोष्टी गिळायचा. चिपळूणच्या बदलीचा अर्ज त्याने स्वतः केला आणि तीन महिने तिला सांगितलं नाही. कळलं ते दुधवाल्याकडून. त्या सकाळी मंजिरी ओरडली नाही की रडली नाही. तिने नाचणीचा डबा बंद केला आणि खाली निघून गेली. हादरा थांबला तो दिवस तोच.

परवाच्या पहाटे दिग्विजयची गाडी दारात थांबली. शेजारच्या सीटवर वरची तळी बसली होती, वर सीटबेल्ट लावलेला.

"घाटात वळणं आहेत," तो ओशाळून म्हणाला. "घसरली असती."

मंजिरीने जास्वंदाची कुंडी उचलून बाजूला ठेवली. चौदा महिने पाणी झिरपून खालच्या तळीच्या मधल्या लोखंडी खिळीला गंज चढला होता. दिग्विजयने मांडी घालून तो खरवडला. मग दोघांनी धरून वरची तळी खालचीवर बसवली. दगडावर दगड टेकताना जो आवाज झाला, तो ऐकून बाबरबाईंनीही मान वर केली. नर्गिस सिस्टर रात्रपाळी संपवून थेट तिथेच आल्या होत्या. "हादरा कशाचा ते माझ्या डोळ्यांनी बघते, तरच अम्मीला आणते," असं त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. त्या उंबऱ्याशी टेकल्या.

दोघं समोरासमोर बसली. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला. खुंट्यावर खाली तिचा हात, वर त्याचा. हात हाताला लागू नये म्हणून दोघांनी मधे दोन बोटं जागा सोडली. मंजिरीने मूठभर नाचणीची वैरण जात्याच्या तोंडात घातली.

"करा सुरू," बाबरबाई म्हणाल्या.

जातं फिरलं. घर्र, घर्र. खालून पिठाची पहिली तांबूस कड सांडली.

"छत्तीस टक्के."

"परत," मंजिरी म्हणाली.

"चौतीस. जुळंना, बाई. एकदम गोल येतोय. ते मधले गोल दिवस सांगितले होते ना, त्यांच्याशी मात्र हुबेहूब."

मंजिरीचा हात थांबला. तिने दिग्विजयकडे पाहिलं. तो जात्याकडे बघत होता, जणू त्यात काहीतरी पडलंय.

"बाबरबाई, त्या गोल दिवसांच्या तारखा वाचता का?"

"वाचते की. नोव्हेंबरात चार दिवस, दर साली थोडे मागंपुढं. हे एका वर्षीच्या मे महिन्यात सलग नऊ. हे ऑगस्टात दोन..."

दिवाळीत भाऊबीजेला ती उंब्रजला माहेरी जायची. चार दिवस. त्या मे महिन्यात ती दापोलीला कलमं बांधायचं शिकायला गेली होती. नऊ दिवस. ऑगस्टात मावशी आजारी होती.

"मी घरात नसायचे तेव्हाचे आहेत हे," मंजिरी सावकाश म्हणाली. "आणि मी परत यायचे तेव्हा पिठाचा डबा भरलेला असायचा. तू म्हणायचास, गिरणीतून आणलं."

आपण 'तू' म्हटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

"गिरणीचं पीठ तुला आवडत नाही," तो म्हणाला.

"एकट्याने ओढायचास? गोल?"

"हं."

"आणि खांदा?"

दिग्विजयने खुंट्यावरून हात काढला, पुन्हा ठेवला. "दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात बरा झाला."

पेटीतला दिवा तेवढा लुकलुकत होता.

"मग नऊ वर्षं लंगडत ओढायचं कारण?"

"बरा झाला म्हणालो असतो, तर तू म्हणाली असतीस, चला, झालं काम, उचला जातं." तो थांबला. "दिवसभर आपण दोघं बरोबरच असायचो, मंजे. बरोबर म्हणजे, दोघांचंही खरं असायचं. भांडायला तेवढं पुरतं. तिथं बसलं की मात्र कुणाचंच काही खरं-खोटं नसायचं. तेवढा एक तास मला सोडवेना."

मंजिरीची कानशिलं तापली. बदलीचे तीन महिने, आणि आता ही नऊ वर्षं! अजून किती ठिकाणी काय पुरून ठेवलंय या माणसाने? ती उठणारच होती. हेळवाकची माती, सपकाळ आबा, आखिती, सगळं डोळ्यांपुढून सरकलं आणि तरी ती उठणारच होती. तेवढ्यात तिला आठवलं काहीतरी, आणि ती ओरडली,

"आणि मी नऊ वर्षं तुला तेल चोळत होते! दर रविवारी! गरम करून!"

उंबऱ्याशी नर्गिस सिस्टर फिस्सकन हसल्या. त्यांनी ओढणी तोंडात कोंबली, पण उपयोग झाला नाही. "माफ करा. दवाखान्यात बरेच बघितलेत असे. पण नऊ वर्षं कुणी नाही टिकलं."

"आणि वर 'आई गं' म्हणायचा!" मंजिरी म्हणाली. "मी दाबलं की डोळे मिटून 'आई गं'!"

"ते खरं होतं," दिग्विजय म्हणाला. "तू फार जोरात दाबायचीस."

झालं. मंजिरीला हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. दिग्विजय आधी घाबरून बघत राहिला आणि मग तोही हसायला लागला. बाबरबाईंचा वेलदोडा घशात अडकला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. पडद्यावरची हिरवी रेघ वेड्यासारखी नाचत होती. स्लॅबला हसण्याचा हादराही कळत होता.

"हां, आता ओढ," मंजिरी डोळे पुसत म्हणाली. "लबाडासारखं ओढ. नऊ वर्षं ओढलंस तसं."

जातं लंगडलं. उंच, बुटकी. उंच, बुटकी.

"एकाहत्तर," बाबरबाई म्हणाल्या. "आकार आला. पण ताल नाही. जुन्या रेघेत ठरावीक फेऱ्यांनी एक थांबा आहे, तुम्ही कुठंही थांबताय. पूर्वी काय मोजत होता का?"

मंजिरी मोजत नव्हती. म्हणत होती. भिंतीने शब्द ठेवले नव्हते, पण शब्दांमधली जागा तेवढी ठेवली होती. एक ओवी संपली की वैरण घालायची, तोच हा थांबा. चौदा महिन्यांत तिने एक ओळ म्हटली नव्हती. गळा उघडेल की नाही, तिलाच खात्री नव्हती. तिने खालमानेने सुरू केलं, आधी पुटपुटत, मग आपोआप मोकळ्या आवाजात.

*उजव्या खांद्याचा, बाई, नखरा गं किती*
*अर्धा फेरा त्याच्या हाती, अर्धा माझ्या माथी*

वैरण पडली. जात्याने दम घेतला आणि पुन्हा धरला. तिने ही ओवी तेव्हा त्याला चिडवायला रचली होती, आणि तो दर वेळी उलट आपली एक मोडकी ओवी जोडायचा. आत्ताही त्याने जोडली, तशीच बेसूर,

*नाचणी दळली, बाई, चहा मिळंल का कधी*
*मंजिरीच्या हातची भाकर मिळू दे गं आधी*

"अठ्ठ्याऐंशी," बाबरबाई हळूच म्हणाल्या. त्याही आता डोलत होत्या.

मधली दोन बोटं जागा कधी सरली ते कळलं नाही. मंजिरीच्या ओठांवर एक नवी ओळ आली. ती आधी कुठेच नव्हती. पहाटे कळीचं फूल होतं तशी ती आली, आणि दुसरी ओळ तिच्या मागोमाग.

*खांदा कधीचा गं बरा, सालं झाली नऊ*
*लबाडाच्या हातून, बाई, पीठ आलं मऊ*

"त्र्याण्णव!" बाबरबाईंनी मांडीवर थाप मारली. "झालं, झालं. थांबा आता."

पण कुणी थांबलं नाही. सुपातली नाचणी संपायची होती. दळण अर्धं टाकून उठायची दोघांनाही सवय नव्हती. खिडकीतून ऊन आत आलं, पिठाची धूळ त्यात सोनेरी होऊन फिरत राहिली. नर्गिस सिस्टर आत येऊन भिंतीला पाठ लावून बसल्या. "पाठीला जाणवतंय," त्या म्हणाल्या. "भिंत खरंच बोलते."

दाखला निघाला. शेवटचं काम राहिलं, नाडी कोरी करायचं. जुन्या माणसांचे हादरे नव्या माणसाच्या घरात राहायला नकोत, म्हणून दोन्ही मालकांनी पेटीच्या काचेवर एकदम अंगठे टेकवायचे, की सगळं पुसलं जातं.

"प्रत हवी तर ठेवा," बाबरबाई म्हणाल्या. "बरेच जण ठेवतात."

मंजिरीने दिग्विजयकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिनेही हलवली. जे कळायचं होतं ते कळलं होतं. ते भिंतीतून निघून माणसांत आलं होतं, आता भिंतीला त्याचं काय? पिठाने माखलेले दोन अंगठे काचेवर टेकले आणि हिरवी रेघ आडवी झाली. घर नव्या पाटीसारखं कोरं झालं. त्याच दुपारी मंजिरीने सपकाळ आबांना फोन केला.

"आबा, येतेय मी."

"ये की," आबा म्हणाले. "मुंबैवाल्याला मी सकाळीच नाही म्हणालो. म्हटलं, चपला विसरून गेलेली बाई येणारच."

आखितीच्या दिवशी टेम्पो भरला. कुंड्याच कुंड्या. हेळवाकला जायला निघालेला सोनचाफा वाऱ्यावर मान हलवत होता. दिग्विजय खरेदीखताच्या सहीला आला होता, तो तसाच सामान चढवायला थांबला. सरतेशेवटी जातं राहिलं. दोन्ही तळ्या, एकीवर एक.

"निम्मं निम्मं?" त्याने विचारलं.

मंजिरी वरच्या तळीला हात घालून उभी राहिली. तो दुसऱ्या बाजूने आला. दोघांनी ती उचलली आणि टेम्पोत ठेवली. मग खालची. तिच्या शेजारी. त्यांच्यामधे गोणपाट दडपताना ती म्हणाली, "पीठ निम्मं निम्मं. जातं नाही."

दिग्विजय टेम्पोच्या फळीला धरून उभा राहिला. त्याने उजवा खांदा चोळला. "मंजे, हा खांदा जरा पुन्हा..." तो म्हणाला आणि थांबला. हात खाली घेतला. एक श्वास घेतला. घाट चढून आलेल्या गाडीसारखा.

"नाही," तो म्हणाला. "खांदा ठणठणीत आहे. काही झालेलं नाही त्याला. तरी रविवारी येऊ का?"

सोळा वर्षांच्या संसारात आणि चौदा महिन्यांच्या दुराव्यात या माणसाने पहिल्यांदाच एक गोष्ट सरळ विचारली होती. मंजिरी टेम्पोत चढली, मांडीवर जास्वंदाची कुंडी घेतली. संसार पुन्हा मांडायचा नव्हता तिला, आणि त्यानेही ते विचारलं नव्हतं. पण जास्वंदाला नवी कळी होती आणि ते झाड आता जमिनीत लागणार होतं. तिने खिडकीतून मान बाहेर काढली.

"पहाटे ये," ती म्हणाली. "आणि दगडी घर आहे ते, भिंतीत तार नाही. तुला ओढायचं तसं ओढ."

टेम्पो निघाला. मागे दोन्ही तळ्या गोणपाटातून एकमेकींना लागत होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याला मंजिरीला एक नवी ओळ सुचत होती.